वसिष्ठाचा उजेड माजघरात

कोकणच्या किनाऱ्यावर लोखंड गंजतं हे सगळ्यांना माहीत असतं. खिडकीचे गज, फाटकाच्या बिजागऱ्या, स्कूटरचा सायलेन्सर, खारा वारा कशालाच सोडत नाही. काचेलाही तो सोडत नाही, हे मात्र लेन्स बाळगणाऱ्यालाच कळतं. मृग लागला की बंद डब्यातल्या लेन्सवरसुद्धा बारीक तंतूंची बुरशी धरते. पुसली तर जाते, पण तोवर तिनं काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असतं आणि डाग कायमचा राहतो. सिलिका जेलच्या पुड्या, घट्ट झाकणाच्या बरण्या, कपाटात पेटता ठेवलेला छोटा बल्ब, हे उपाय इथल्या फोटोग्राफरांना तोंडपाठ असतात.

देवगड तालुक्यातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीवर स्लॅब आहे आणि त्या स्लॅबवर आठ इंची आरशाची दुर्बीण. पावसाळ्यात ती खाली येते, दिवाळीनंतर पुन्हा वर जाते. दुर्बिणीला थोडाफार खारा वारा चालतो. आरसा धुता येतो, आणि अगदीच गेला तर त्यावर नवा मुलामा देता येतो. खरी काळजी असते ती स्पेक्ट्रोग्राफची. ताऱ्याचा प्रकाश फोडून त्याचा वर्णपट काढणारं हे यंत्र. त्यात प्रकाश समांतर करणारं भिंग असतं, बारीक खाचांवरून प्रकाश फोडणारी एशेल ग्रेटिंग असते, रंगांच्या एकमेकांवर पडलेल्या पट्ट्या वेगळ्या करणारा प्रिझम असतो, कॅमेरा असतो. त्या ग्रेटिंगवर मिलिमीटरमागे ७९ खाचा आहेत. तिला बोट लावायचं नसतं, फडकं लावायचं नसतं, तोंडाची वाफही लागू द्यायची नसते. असली वस्तू समुद्राच्या वाऱ्यात, दवात, रात्रभर दुर्बिणीच्या शेपटाला लटकवून ठेवायची म्हणजे तिचा जीव घेणं.

आणि प्रश्न नुसत्या खाऱ्या हवेचा नाही. दुर्बीण ताऱ्यामागे फिरते. तिला जोडलेलं यंत्रही तिच्याबरोबर कलतं, स्वतःच्या वजनानं कणभर वाकतं. रात्र पुढे सरकते तसा धातू थंड होऊन आक्रसतो. वर्णपटातल्या रेघा कुठे आहेत हे मोजायचं असताना यंत्रच मायक्रॉन-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकलं, तर तारा सरकला की आपण, हे कसं ठरवणार?

ऑप्टिकल फायबर म्हणजे मला सर्वांत मोलाची वाटते ती ही सुटका. जे हलायला हवं ते वर हलत राहतं, जे अचल हवं ते खाली अचल बसतं, आणि दोघांच्या मध्ये काचेचा एक धागा.

आमचं जुनं घर जांभ्याचं, भिंती दीड हात जाड. माजघराला लागून बाळंतिणीची खोली आहे. कोकणातल्या जुन्या घरांत ती असतेच : लहान, अंधारी, वर एक झरोका आणि बाकी वाऱ्याला वाट नाही. वडिलांची सगळी भावंडं त्या खोलीत जन्मली. पुढे बाळंतपणं दवाखान्यात गेली आणि खोलीत तांदळाची पोती, पाटे, मोडकी पाळण्याची दोरी असं जमत गेलं. मे महिन्याच्या दुपारी अंगणात पाय भाजतात तेव्हाही त्या खोलीतला थर्मामीटर फारसा चढत नाही आणि पहाटे फारसा उतरत नाही. स्पेक्ट्रोग्राफला याहून चांगली जागा मला कुठली मिळणार? आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घे की. पण देवाकडची वाट अडवू नकोस." जमिनीवर जांभ्याचे दोन चिरे, त्यावर कडाप्पा, त्यावर यंत्र. स्लॅबवरून माळ्याच्या बाजूनं भिंतीतून खाली बारा मीटर फायबर.

ते टाकलं त्याच आठवड्यात गावात घरोघर इंटरनेटच्या केबल जोडायचं काम चाललं होतं. जोडणी करणारा मुलगा आमच्याकडे आला, आणि भिंतीतून आधीच एक फायबर वर गेलेलं बघून थांबला.

"काकानू, ह्यो पॉइंट वर कित्याक होयो तुमका?"

मी सांगितलं, चांदण्यांचो उजेड खाली हाडूचो आसा.

त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. "आणि तो येता?"

"येता."

मग तो बसलाच. त्याच्या पेटीत फायबरचं टोक तपासायचा हातातला सूक्ष्मदर्शक होता. आमच्या टोकावर त्यानं तो लावला, स्पिरिटच्या कपड्यानं एकाच दिशेनं टोक पुसलं, पुन्हा बघितलं. त्याच्या केबलमधला प्रकाश जिथून धावतो तो गाभा ९ मायक्रॉनचा, आमचा ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे दोन्ही केसाहून बारीकच. पण त्याच्याकडे लेझरचा सरळ, शिस्तीतला प्रकाश असतो. आमच्याकडे ताऱ्याचा प्रकाश येतो तो वातावरणातून थरथरत. माझ्या दुर्बिणीचं नाभीय अंतर १.२ मीटर. त्या अंतरावर आकाशातला एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, सुमारे ६ मायक्रॉनचा होतो. आमच्या किनाऱ्यावर हवा बरी असली तरी तारा तीनेक विकलांचा फुगलेला ठिपका असतो, म्हणजे १८ मायक्रॉन. तो ९ मायक्रॉनच्या भोकात कसा घालणार? ५० मध्ये तो आरामात मावतो आणि थोडा इकडेतिकडे झाला तरी बाहेर पडत नाही.

हीच गोष्ट मोठ्या दुर्बिणींना जड जाते. आरसा आणि नाभीय अंतर वाढलं की ताऱ्याचा ठिपकाही मोठा होतो. तमिळनाडूत कावलूरला २.३४ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण आहे. तिच्या मुख्य नाभीवर एक विकला सुमारे ३७ मायक्रॉन भरतो. तिथे १०० मायक्रॉनचं फायबर लावून प्रकाश ४५ मीटर लांब, खाली स्थिर बसवलेल्या एशेल स्पेक्ट्रोग्राफपर्यंत नेलेला आहे. आपल्या देशात हे काम इतकं नेटकं उभं आहे आणि त्याबद्दल मराठीत फारसं कुणी बोलत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

तारा फायबरमध्ये घालायचा कसा, ते जवळून बघण्यासारखं आहे. दुर्बिणीच्या नाभीवर एक छोटा तिरका आरसा असतो आणि त्याच्या मधोमध भोक. भोकामागे फायबरचं टोक. आरशावर जे पडतं ते परावर्तित होऊन दुसऱ्या, वाट दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात जातं. पडद्यावर तारे दिसतात आणि मध्ये एक काळा ठिपका. आता हँडसेटची बटणं दाबत तारा त्या काळ्या ठिपक्याकडे न्यायचा. तो कडेला पोचला की चंद्रकोरीसारखा अर्धा कापला जातो. आणखी एक टिचकी, आणि तारा विझतो. पडद्यावर राहतं ते भोकाभोवतीचं पुसट कडं. तारा दिसेनासा झाला की समजायचं, तो आत गेला. ते कडं चारी बाजूंनी सारखं राहील असं बघत बसायचं. एका बाजूला उजळलं की तारा निसटू लागला.

खाली माझी भाची लॅपटॉपसमोर असते. पहिलं चित्र वाचून झालं की ती ओरडते, "मामा, आलं!" आणि त्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एकाखाली एक वाकड्या पट्ट्यांची चळत उभी असते. वरच्या निळ्या, खालच्या तांबड्या, असं आपण मनानं म्हणायचं, कारण कॅमेरा काळा-पांढरा. पट्ट्यांना आडव्या छेदणाऱ्या काळ्या रेघा म्हणजे त्या ताऱ्याचं हायड्रोजन, सोडियम, लोह, मॅग्नेशियम. आधी आणि नंतर थोरियम-अरगॉन दिव्याचा प्रकाश त्याच वाटेनं पाठवायचा. त्या दिव्याच्या रेघांच्या तरंगलांबी पक्क्या ठाऊक असतात. त्यांच्या फूटपट्टीवर ताऱ्याच्या रेघा मोजायच्या.

फायबरबद्दल जाणकारांची एक तक्रार असते की ते प्रकाश खातं. तक्रार खरी आहे. प्रत्येक टोकाला सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. बारा मीटरच्या शुद्ध काचेत फार काही जात नाही, पण निळ्या-जांभळ्या टोकाला लांब फायबर जास्त खातं. आणखी एक गोष्ट : प्रकाशाचा शंकू ज्या कोनात आत शिरतो त्याहून पसरट होऊन बाहेर येतो. फायबर वाकलं, आवळलं, त्यावर दाब पडला की हा पसरटपणा वाढतो. म्हणून वायरमन भिंतीवर वायर ठोकतात तसल्या क्लिपा इथे चालत नाहीत. आमचं फायबर सैल नळीत, मोठ्या वळणांनी उतरतं.

पण या खाण्याच्या बदल्यात फायबर जे देतं ते मला फार थोर वाटतं. प्रकाश आत शिरला की तो गाभ्याच्या कडेवरून हजारो वेळा परावर्तित होत पुढे जातो आणि या धडपडीत तो कुठून शिरला होता हे हरवत जातं. आमच्या आगरात पूर्वी रहाट होता. लोटे वर यायचे आणि पन्हळीत पाणी धपाधप पडायचं, कधी या काठाला, कधी त्या काठाला. पण पन्हळीच्या दुसऱ्या टोकाला, पोफळींच्या मुळाशी, एकसारखी धार पडायची. फायबरमध्ये तेच घडतं. वर तारा भोकात डावीकडे होता की उजवीकडे, वारा आला होता की नव्हता, यातलं काही खाली पोचत नाही. खाली पोचतो तो फक्त रंग, म्हणजे तरंगलांबी, आणि ती जशीच्या तशी.

फिरवून मिसळण्याचं हे काम गोल गाभ्यात पुरतं होत नाही. केंद्राभोवती प्रकाश छान मिसळतो, पण केंद्रापासून किती दूर शिरला याची थोडी आठवण उरते. म्हणून आता अचूक कामासाठी अष्टकोनी गाभ्याची फायबर वापरतात. शिवाय फार उच्च विभेदनक्षमतेत, म्हणजे अगदी जवळजवळच्या रेघा वेगळ्या दाखवताना, प्रकाशाच्या लहरी आतल्या आत एकमेकींवर पडून ठिपक्यांची नक्षी तयार करतात आणि तीही मोजणीत लुडबुड करते. त्यावर उपाय म्हणून फायबर मुद्दाम मोटरीनं हलवत ठेवतात. मोजणी स्थिर यावी म्हणून धागा सतत हलता ठेवायचा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान पुन्हा वाचलं होतं.

हे सगळं कशासाठी, तर रेघा किती सरकल्या त्यावरून तारा किती वेगानं आपल्याकडे येतो किंवा दूर जातो ते कळावं म्हणून. गुरूच्या ओढीनं सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर वेगानं डोलतो. पृथ्वीच्या ओढीनं फक्त ९ सेंटिमीटर. १९९५ साली ताऱ्याचं असंच डोलणं मोजून मिशेल मायॉर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला तो फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतल्या एलोडी या स्पेक्ट्रोग्राफवर, आणि एलोडीला दुर्बिणीचा प्रकाश फायबरमधूनच मिळत होता. २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चिलीतल्या ला सिया इथे ३.६ मीटरच्या दुर्बिणीजवळ २००३ पासून हार्प्स हा स्पेक्ट्रोग्राफ चालतो. तो निर्वात टाकीत बंद असतो, तापमान अंशाच्या शंभराव्या भागात राखलेलं असतं आणि तो सेकंदाला एक मीटरचा वेग ओळखतो. तेवढ्या वेगानं रेघ सेन्सरवर पिक्सेलच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी सरकते. आपल्याकडे माउंट अबूच्या गुरुशिखरावर भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा पारस आहे, तोही फायबरवरचा आणि निर्वात टाकीतला. १.२ मीटरच्या दुर्बिणीवरून त्यानं २०१८ मध्ये सुमारे सहाशे प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याभोवती एक ग्रह पक्का केला. त्या ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या २७ पट.

निर्वात का, तेही सांगतो. हवेचा दाब बदलला की तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, बदलतो. दाब एका मिलिबारनं बदलला तर रेघा सेकंदाला ८० मीटर वेगाइतक्या सरकल्याचा भास होतो. आणि आपल्या उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, ढग नसले तरी, वादळ नसलं तरी. त्यातला फरक दोन-तीन मिलिबारचा सहज होतो. बाळंतिणीच्या खोलीत तापमान स्थिर आहे, दाब नाही. माझ्या यंत्राची विभेदनक्षमता १०,००० च्या आसपास, म्हणजे ते सेकंदाला तीसेक किलोमीटरचे फरक वेगळे दाखवतं. ग्रह शोधणं त्याच्या आवाक्यात नाही. पण त्याच्या आवाक्यात जे आहे ते थोडं नाही.

आमच्या तालुक्यात विजयदुर्गावर साहेबाचे कट्टे आहेत. शाळेच्या सहली तिथे जातात आणि मुलांना सांगितलं जातं की इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबांनी १८६८ मध्ये इथून सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला. मला वाटतं, खरी हकीकत सांगितली तर किल्ल्याचं महत्त्व उणावणार नाही, वाढेलच. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट बघणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पियेर जान्सेन गुंटूरला होते. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते आणि २० ऑक्टोबरला त्यांनी ग्रहणाशिवायच सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पकडला. सोडियमच्या जोडरेघेजवळची, पण तिच्याशी न जुळणारी हेलियमची पिवळी रेघ त्या वर्षीची. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झे यांना. आणि २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर खरोखर विजयदुर्गाला आले. मेल्पोमीन या जहाजावरचे नौसैनिक मदतीला होते. खग्रास स्थिती दोनेक मिनिटांची. त्या काळच्या ग्रहणमोहिमांत जड कॅमेरे आणि प्रिझम पक्क्या चौथऱ्यावर अचल ठेवत आणि घड्याळयंत्रानं फिरणारा आरसा सूर्याचा प्रकाश त्यांच्यात सोडत असे. हलणारं वेगळं, स्थिर वेगळं, हा विचार तेव्हाही तोच होता. मध्ये काचेचा धागा तेवढा नव्हता.

ती पिवळी रेघ मी आमच्या खोलीत बघितली आहे. सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात ती जवळजवळ दिसत नाही. हेलियमला जागं करायला फार उष्ण तारा लागतो. चित्रा तशी आहे. चैत्रात संध्याकाळी ती पूर्वेला वर येते. तिच्या वर्णपटात ५८७.६ नॅनोमीटरला रुंद, पसरट काळा खळगा आणि त्याच्या पलीकडे ५८९.० आणि ५८९.६ ला सोडियमच्या अरुंद रेघा. ज्या किल्ल्याखालून वाघोटणची खाडी समुद्राला मिळते त्याच्याच मुलखात, ज्या खोलीत माझे वडील जन्मले तिथे हेलियमची रेघ उमटली होती. भाचीला मी तेव्हा १८६८, १८९५, १८९८ सगळं सांगत बसलो आणि वर चित्रा भोकातून निसटून गेली.

पण सगळ्यांत जास्त रात्री आम्ही दिल्या त्या वसिष्ठाला. लग्नात वधूवरांना वसिष्ठ-अरुंधती दाखवतात. सप्तर्षींच्या शेपटातला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून पुसट अरुंधती. दुर्बिणीतून वसिष्ठाचेच दोन तारे दिसतात, एकमेकांपासून १४ विकलांवर. माझं ५० मायक्रॉनचं भोक आकाशात साडेआठ विकलांचं पडतं, त्यामुळे दोघांतला एकच आत घेता येतो. आम्ही घेतला तो तेजस्वी. हार्वर्डच्या एडवर्ड पिकरिंग यांनी १८८९ मध्ये जाहीर केलं की याच्या रेघा काही दिवस एकेरी असतात आणि काही दिवस दुहेरी. कुठल्याही दुर्बिणीत तेव्हा वेगळे न दिसणारे दोन तारे साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. वर्णपटावरून ओळखलेला हा पहिला जोडतारा.

पहिल्या रात्री ४४८.१ नॅनोमीटरची मॅग्नेशियमची रेघ एकच होती, खोल आणि टोकदार. भाचीनं तो आलेख जपून ठेवला. मग आंबा काढणीची घाई, मग दोन रात्री समुद्रावरून आलेलं मळभ. रात्री उशिरा मतलई वारा सुटला की हवा थोडी स्वच्छ होते, त्या वेळेची वाट बघायची. क्षितिजावर एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटींचा पांढरा उजेड असतो, आकाशाची खालची कड त्यानं धुऊन निघते. पण भोक आकाशाचा इतका लहानसा तुकडा घेतं की तो उजेड वसिष्ठाच्या वर्णपटात शिरत नाही.

मग एका रात्री पट्टी वाचून झाली आणि खालून आवाज आला नाही. मी जिन्यावरून वाकून विचारलं, "आलं का?" ती म्हणाली, "मामा, तुम्ही खाली या." खाली गेलो. जिथे एक रेघ होती तिथे दोन होत्या, जवळजवळ सारख्या खोलीच्या, मध्ये स्वच्छ मोकळी जागा. फरक ०.१५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे एक तारा दुसऱ्याच्या मानानं सेकंदाला शंभर किलोमीटर वेगानं जात होता. तिनं आधीचा आलेख त्याच्याखाली लावला. आई पाणी प्यायला उठली होती, तीही दारात उभी राहिली. मी तिला बोटानं दाखवलं, हा एक आणि हा दुसरा. तिनं विचारलं, "आणि अरुंधती?" मी म्हटलं, ती वेगळीच, तिचा उजेड आज घेतलेला नाही. "मग घे की तिचाही," असं म्हणून ती झोपायला गेली.

अरुंधतीला जोडीदार आहे, एक मंद लाल तारा, २००९ मध्ये सापडलेला. तो आमच्या यंत्राला दिसणार नाही. वसिष्ठाचा दुसरा, १४ विकलांवरचा तारा मात्र स्वतःही जोडतारा आहे आणि त्याची फेरी सुमारे १७५ दिवसांची. त्याच्या रेघा फुटत नाहीत, नुसत्या थोड्या मागेपुढे सरकतात. त्यासाठी थोरियमचा दिवा आणखी वरचेवर लावायला हवा, दाबाची नोंद ठेवायला हवी आणि कोलिमेशन, म्हणजे भिंग-आरशांची जुळणी, बारकाईनं पुन्हा करायला हवं. १७५ दिवस म्हणजे जवळजवळ सहा महिने, आणि दिवाळीपासून मेच्या मध्यापर्यंत आमचं कोरडं आकाशही तेवढंच असतं. डिसेंबरात तो पहाटे बराच वर आलेला असतो. तिथून सुरुवात करायची ठरलं आहे.